ओंजळभर बोलणं

कोंडसरच्या पठारावर देवीच्या देवळामागे कातळात कोरलेलं एक टाकं आहे. त्याला आत उतरायला अकरा पायऱ्या. कडक उन्हाळ्यातही पाणी सातव्या पायरीखाली जात नाही. गावकरी त्याला ‘सायबाचं टाकं’ म्हणतात. पाहुण्याला आधी याचं नवल वाटतं, मग ग्रामसभा बघितली की बोलतीच बंद होते. इथे ज्याला सभेत बोलायचं असेल त्याने या टाक्यातलं पाणी उजव्या तळव्यात घ्यायचं आणि हातात पाणी असेतो बोलायचं. पाणी गळलं की खाली बसायचं. एका हाताची असली तरी गाव तिला ओंजळच म्हणतं. सरपंच असो की आमदार.

देवीचे गुरव बाबूतात्या ऐंशीच्या घरातले. टाक्याच्या काठावर बसून ते पाहुण्यांना ही हकिकत सांगतात. सांगताना चपला काढून ठेवतात.

फार जुनी गोष्ट आहे. विलायतेतल्या एका बड्या सरदार घराण्याचा थोरला मुलगा, लॉर्ड अ‍ॅशमिअर, इकडे सरकारी मंडळावर आला होता. तिकडच्या राजसभेत त्याच्या जिभेचा दरारा होता म्हणे. एकदा उभा राहिला की तीन तीन तास बोलायचा, आणि काळ्याचं पांढरं करून खाली बसायचा. घराण्याच्या वाड्याच्या कमानीवर तीनशे वर्षांचं ब्रीद कोरलेलं होतं : ‘दिलेलं परत घेत नाही.’ लहानपणी त्याने अक्षरं गिरवली ती याच ओळीवर.

त्याच्या मनात या पठारावर गोऱ्या शिपायांसाठी हवा पालटायचं ठिकाण वसवायचं होतं. ठराव त्याचाच. तो पार पडला की लंडनला परत जाऊन मंत्रिपद, हे ठरल्यासारखंच होतं. पण ठिकाणाला पाणी हवं, आणि पठारावर पाणी एकच, हे टाकं. ते सरकारजमा झालं की कोंडसरने गाव सोडून जायचं. दुसरा इलाज नव्हता.

मोजणीच्या दिवशी साहेब स्वतः आला. बरोबर त्याची नऊ वर्षांची मुलगी लिली आणि दुभाषा मुनशी. सगळं गाव काठावर उभं होतं. उन्हाने पोरीच्या घशाला कोरड पडली, तेव्हा देवीची पुजारीण ठकूबाई पुढे झाली आणि तिने टाक्यातलं पाणी तांब्यातून साहेबाच्या उजव्या तळव्यात ओतलं. पोर बापाच्या हातातून प्यायली. उरलेलं पाणी साहेबाने समोरच्या शिळेवर सोडून दिलं.

त्याने आपला हात रिकामा केला होता, इतकंच. पण तो दिवस अक्षय्य तृतीयेचा. त्या दिवशी दिलेलं दान सरत नाही. आणि टाक्याचा धनी आता साहेबच. धन्याने पंचांसमक्ष उजव्या हाताने पाणी सोडलं, की वस्तू दिली, हे आपल्याकडे पोरंही जाणतात. मग आधी म्हातारी माणसं आणि पाठोपाठ सगळी साहेबापुढे आडवी झाली.

ठकूबाई तेवढी उभी राहिली. म्हणाली, “सायबा, दिलंस त्ये दिलंस. आता आमी मागायचं न्हाई, आन तू मागं घ्यायचं न्हाई.”

मुनशीने अर्थ सांगितला तसा साहेब हसला. “मी काही दिलेलं नाही. सांग त्यांना.”

मुनशी तोंड उघडणार तोच लिलीने विचारलं, “पण पप्पा, पाणी तुम्हीच सोडलंत ना?”

“माझ्या मनात तसं नव्हतं, बेटा.”

“ते त्यांना कसं दिसणार?”

तीन तास बोलणाऱ्या साहेबाने मुनशीला हातानेच थांबवलं. बंगल्यावर गेला तरी शिळेवरचं ते पाणी त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याने वडिलांना पत्र लिहिलं, झालं तसं. थोरल्या लॉर्डांचं उत्तर आलं : ब्रीद कमानीवर लावायचं असतं, डोक्यावर घ्यायचं नसतं. ठराव मागे घेतलास तर वाडा, जमीन, किताब, सगळं धाकट्याच्या नावे करीन.

पत्र वाचून त्याने लिलीकडे बघितलं म्हणे. जाणार होतं ते तिचंही होतं. मग त्याने टाक्यातलं पाणी मागवलं. ठकूबाईने तांब्याला फडकं बांधून पाठवलं.

मंडळाची बैठक खच्चून भरली होती. साहेब उठला, तळव्यात पाणी घेतलं आणि म्हणाला, “हे पाणी मी देऊन बसलो आहे. जे माझ्या हातात राहिलं नाही, ते तुम्हाला कुठून देऊ? ठराव मागे घेतो.” आणि खाली बसला.

असं सांगतात, की तोवर त्याच्या हातातून एक थेंब गळला नव्हता. बाबूतात्या इथे हसतात. “अहो, एवढंसं बोलल्यावर गळंल कशाला? पन तसला बोलका मानूस एवढ्यात थांबला, ह्यो चमत्कार न्हवं का?” मांडणाराच मागे सरला, तशी ठरावाची वाट लागली. गाव जागेवर राहिलं. साहेबाची खुर्ची गेली, वडिलोपार्जित सगळं गेलं, मित्रांनी पाठ फिरवली. बायको-मुलीला घेऊन तो बोटीत चढला आणि पुन्हा त्याचं नाव कुणी ऐकलं नाही. टाकं मात्र त्या साली पहिल्यांदा भर वैशाखात सातव्या पायरीवर थांबलं. तेव्हापासून गावात कुणी ओंजळीपेक्षा लांब बोलत नाही.

बारा वर्षांमागे एक म्हातारी गोरी बाई काठी टेकत पठारावर आली. सभा चालू होती. तिला ना मराठी येत होती, ना गावाला तिची भाषा. ती सरळ टाक्यात उतरली, तळव्यात पाणी घेतलं आणि सभेपुढे उभी राहिली. तिच्या घरात आजीकडून, म्हणजे लिलीकडून, आईला, आईकडून तिला एवढा एकच मराठी शब्द आला असावा. तो तिने उच्चारला, “दिलं.”

मग पाणी शिळेवर सोडलं. सगळी सभा उठून उभी राहिली.

आजही सभेत पहिली ओंजळ कुणी बोलायला घेत नाही. ती न बोलता त्या शिळेवर सोडतात, आणि मगच कामाला सुरुवात होते.