जैवंताची ओंजळ

"जैवंतानं तं सूर्यच गिळला होता वो, अन् म्हणूनच तिले..."

एवढंच बोलून शेजारच्या सरजाबाईंनी हातपंपाचा दांडा हाणायला सुरुवात केली. पुढचं सगळं त्या खडखडाटात गेलं. मी भिंतीवरून मान लांब केली, पण तोवर घागर भरली होती आणि विषय कुणाच्या तरी सुनेवर गेला होता. आता अर्धी गोष्ट पोटात घेऊन माणसानं भाकरी थापायची कशी? मग मी टोलीतली, म्हणजे आमच्या वस्तीतली, चार घरं फिरले, म्हाताऱ्यांना चहा पाजला, आणि ज्यानं त्यानं सांगितलं ते एकाला एक जोडलं. ते हे असं.

खैरटोल्याच्या तलावाला तेव्हा पाळ, म्हणजे मातीचा बांध होता, पण तलावाकडे यायला रस्ता नव्हता. इतकी मागची गोष्ट. पाळीच्या पायथ्याशी मासे धरणाऱ्या ढिवरांची टोली होती, मूठभर घरं. शेत कुणालाच नव्हतं. तलावात मासा होता म्हणून टोली होती.

त्या टोलीत जैवंता राहायची. नवरा लवकर गेलेला, घरात ती आणि तिचा दीर कवडू. जाळं विणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं विणलेल्या जाळ्यातून पाणीसुद्धा विचारून जायचं, असं म्हणतात.

पण तलावात गवत फार होतं. पाण्याखाली चिल्याच्या लांब पात्या, पाण्यावर चौऱ्याची गोल पानं. जाळं टाकलं की गवतात अडकायचं आणि ओढलं की फाटायचं. एका उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तेव्हा जैवंता पाळीवर उभी राहून म्हणाली, "हे गवत उपटून टाका. तलाव अंगणासारखा साफ करा. मंग पाहा मासोरी."

तिचा शब्द टोलीत चालायचा. बायामाणसं कंबरभर पाण्यात उतरली आणि गवत मुळासकट उपटून पाळीवर वाळत घातलं. एक कोपरा तेवढा राहिला. तिथं खडक होते, पाय घसरायचे, म्हणून तिकडे कुणी गेलं नाही.

त्या हिवाळ्यात मासा असा मिळाला की विचारू नका. लपायला जागा नव्हती, जाळं टाकावं आणि ओढावं. जैवंताचं नाव पंचक्रोशीत झालं. पुढच्या हिवाळ्यात मात्र जाळं टाकलं तसं वर आलं, ओलं आणि रिकामं. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. बगळेसुद्धा काठावर थोडा वेळ उभे राहायचे आणि निघून जायचे.

घरोघरी चुली दिवसाआड पेटू लागल्या. जाणत्यांनी बसून ठरवलं, होळीपर्यंत वाट पाहायची. मासा आला तर ठीक, नाहीतर टोली उठवायची, ज्याला जिकडे सोयरा असेल त्यानं तिकडे जायचं. जैवंताला कुणी काही बोललं नाही. कवडू तेवढा बोलला. "वयनी, अंगण तं मस्त झाडलं तुनं. आता रांगोळी काढतेस का?"

दुसऱ्या दिवशी रथसप्तमी होती. ऊन वर येताच जैवंता तलावात उतरली आणि गळाभर पाण्यात उभी राहिली, ती सूर्य बुडेपर्यंत. पापणी लवली नाही, असं म्हणतात. तिला पाण्यात शिरणारं ऊन दिसू लागलं. सोन्याच्या दोऱ्यांसारखं ते खाली आलं, इकडेतिकडे हात फिरवत काही शोधू लागलं, आणि धरायला कुणी नाही म्हणून गाळ थोडा कोमट करून रिकाम्या हातानं परत गेलं. सगळ्या तलावात हेच. फक्त त्या खडकाच्या कोपऱ्यात ऊन उतरलं ते परत फिरलं नाही. तिथल्या पानांनी ते प्यायलं. पानं कुरतडत झिंगे बसले होते, झिंग्यांवर बारीक मासळी टपली होती, आणि मासळीमागे एक मोठी मरळ फिरत होती. तेच ऊन एका पोटातून दुसऱ्या पोटात जात होतं, आणि दर पोटागणिक कमी होत होतं.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे तलावाच्या रंगाचे झाले होते, असं म्हणतात.

टोली काठावर जमलीच होती. तिनं आपलं पाहिलेलं सांगितलं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. कवडूनं एवढंच उचललं, "मरळ हाये म्हणतेस? मंग आणतो धरून. आजचं तं भागंल."

"थांब," जैवंता म्हणाली. "आधी सारे ओळीत उभे राहा."

तिनं पाण्यापासून घरांपर्यंत सगळ्यांची ओळ लावली. स्वतः पाण्यात वाकून ओंजळ भरली आणि पहिल्याच्या ओंजळीत ओतली. त्यानं दुसऱ्याच्या, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं, कोपरांवरून ओघळत होतं. कुणी मुद्दाम सांडत नव्हतं, तरी सांडत होतं. ओळीच्या टोकाला कवडू हात पसरून उभा होता.

"काय आलं रे?" जैवंतानं पाण्यातून हाक दिली.

"माझ्या वाट्याले तं नुसता वास आला, वयनी!"

सगळे हसले. कितीतरी दिवसांनी टोली हसली होती.

"ऊनबी असंच हातोहात सांडते. मरळ खाणारा तिथंच, टोकाले उभा असते," जैवंता म्हणाली. "तिच्या एकटीच्या पायी टोपलंभर मासळी गेली, त्या मासळीपायी गाडीभर झिंगे, अन् झिंग्यांपायी किती पाला, कोण मोजंल? आपल्याले आता पोट भराचं असंल तं पाण्याजवळ या. गाळात राहिलेले कमळाचे कांदे काढून खा, झिंगे खा. मरळ राहू द्या. अन् त्या कोपऱ्यातलं गवत आनून साऱ्या तलावात लावा."

"अन् खाऊन उरलेले काटेकुटे पाण्यात टाकले तं?" कवडूनं विचारलं. आता त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "तं ऊन वापस येईल?"

"काटे टाक, गवताले खत होईल. पन ऊन वापस नाई येत, बाप्पा. ते रोज नवं यावं लागते. अन् आलं तं धराले पान लागते."

होळी आली. जाणत्यांनी बायांच्या चिखलानं भरलेल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, बरं, पुढच्या होळीपर्यंत. ते वर्ष टोलीनं कमळाच्या कांद्यांवर आणि मूठ-मूठ झिंग्यांवर काढलं. कवडूनं मरळ रोज पाहिली आणि रोज सोडली. जैवंता तर पाण्यातच असायची. एकेक काडी हातानं गाळात खोचायची आणि तिच्यावर आपली सावली पडू नये म्हणून बाजूला सरून उभी राहायची. ती भाकरीसुद्धा मागत नसे, दुपारी तोंड वर करून ऊनच प्यायची, असं म्हणतात.

पावसाळा सरला तेव्हा पाण्याची ती आरशासारखी चमक गेली होती. तळ दिसेनासा झाला. मग पानांवर किडे आले, किड्यांमागे झिंगे, झिंग्यांमागे मासळी, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात थोड्या, मरळी. ज्या दिवशी पाणकावळे परत येऊन खडकावर पंख वाळवत बसले, त्या दिवशी कवडूनं बांधून ठेवलेलं बोचकं सोडलं. टोली उठली नाही.

आता सरजाबाईंचं ते पंपावर अर्धं राहिलेलं बोलणं. सूर्य गिळला म्हणूनच जैवंताला उन्हानं नेलं, ती भर दुपारी उन्हात विरून गेली, मागं काही उरलं नाही, असं त्या सांगतात. मी कवडूच्या वंशातल्या म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "काही विरली नाई. म्हातारी होऊन आपल्या बाजेवर मेली. पन अंग तिचं कितीतरी वेळ गरम होतं म्हणतेत."

खैरटोल्यात अजूनही त्या खडकाच्या कोपऱ्यात कुणी जाळं टाकत नाही. त्याला जैवंताचा कोपरा म्हणतात. गवतात अडकून जाळं फाटलं तर शिवी द्यायची नाही, घरी येऊन मुकाट्यानं सांधायचं. आणि रथसप्तमीच्या संध्याकाळी सगळा गाव पाण्यापासून शेवटच्या घरापर्यंत ओळीनं उभा राहतो आणि ओंजळीतून ओंजळीत पाणी देतो. टोकाला कोण उभं राहायचं यावरून दरवर्षी भांडण होतं, कारण तिथं कुणालाच राहायचं नसतं. टोकाचा माणूस हात पाहतो, आणि गाव ओरडून विचारतो, "काय आलं?"

यंदा टोकाला मी होते, सरजाबाई माझ्या आधी. त्यांनी आपल्या ओंजळीतलं माझ्या ओंजळीत ओतलं, म्हणजे ओतल्यासारखं केलं.

जैवंतानं सूर्य गिळला, हे काही खरं नाही. एवढा मोठा सूर्य एका बाईला कसा गिळवेल? पण माझा तळहात ओला झाला होता, थेंबसुद्धा नव्हता, नुसता ओलावा. आणि तो कोमट होता.