फिरून आलेला निरोप

“मग बायका तपासणीला येत का नाहीत, आई?”

वैदेहीने हे विचारलं तेव्हा मठातल्या जानकीआई वाटाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

वैदेही तुंगार त्यांची जुनी शिष्या. बोलण्यात पटाईत, लिहिण्यात त्याहून. कर्करोग वेळीच ओळखता यावा म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात बायकांची तपासणी सुरू झाली आणि त्याचे संदेश लिहायचं काम तिच्याकडे आलं. तेव्हापासून गावोगावच्या मोबाइलवर सकाळ उजाडायची ती तिच्याच शब्दांनी. लोक अंगठे दाखवत, फुलं पाठवत. तपासणीच्या खोलीत मात्र नर्सबाई एकट्याच स्वेटर विणत बसत.

“कालचा तर माझा मलाच आवडला,” म्हणत वैदेहीने वाचून दाखवलं. “‘घरच्या लक्ष्मी, सगळ्यांचं दुखणं बघतेस, एक दिवस स्वतःकडे बघ. वेळेत तपासणी, निर्धास्त जिंदगानी.’”

“सुरेख,” आई म्हणाल्या. “माझे तर डोळे भरून आले.”

“मग?”

“मग वेणूला पाठवला. वेणूने जावेला पाठवला. जावेने विहिणीला. संध्याकाळी विहिणीने मला पाठवला.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“पुन्हा डोळे भरून आले.”

वैदेहीला हसावं की रागवावं कळेना. “आई, तो वाचून दवाखान्यात जायचं होतं. तुम्ही गेलात?”

“नाही. तू?”

“मी... मी तर लिहिणारी.”

आई सोलत राहिल्या.

“वेळच मिळाला नाही.”

एक शेंग रिकामी झाली. मग दुसरी...

“भीती वाटते, आई.” वैदेहीचा आवाज एकदम बारीक झाला. “मावशीला झाला होता. काही निघालं तर...”

“हे लिहिलंस कधी?”

“असलं कुणी लिहितं का?”

आईंनी ताट बाजूला सारलं. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, चपला सरकवल्या आणि पडवीत गेल्या. भजनाला आलेली वेणू, तिची जाऊ आणि आणखी दोघीचौघी तिथे गप्पा मारत होत्या.

“मी दवाखान्यात चालले,” आई म्हणाल्या. “तोंड तपासून घ्यायचंय. तुम्हाला मिश्री सोडा म्हणत आले आणि स्वतः लपून लावत आले. आता भीती वाटतेय. सोबत कोण येतं?”

“मी येते,” वेणू जमिनीकडे बघत म्हणाली. “छातीत एक गाठ लागतेय कधीची. कुणाला बोलले नाही.”

“मलासुद्धा?” जाऊ म्हणाली आणि तिच्याआधी उठून चपला शोधायला लागली.

एका जीपमध्ये मावल्या तेवढ्या दाटीवाटीने बसून निघाल्या. त्यांना दारात बघून नर्सबाईंच्या मांडीवरचा स्वेटर खाली पडला.

“एवढ्या जणी? बरं, आधी कोण?”

सगळ्या एकमेकींच्या मागे सरकल्या. वैदेही पार भिंतीला टेकून मोबाइलवर काहीतरी लिहीत होती. जानकीआईंनी मोबाइल काढून घेतला आणि तिचा दंड धरून तिला पुढे केलं.

“हिला घ्या,” त्या म्हणाल्या. “हिनंच बोलावलंय आम्हाला.”