बहुरूप्याच्या घरची चौकशी

एका गावात सखाहरी नावाच्या बहुरूप्याचं घर होतं. घर त्या गावात, पण तो स्वतः वर्षभर दुसऱ्यांच्या गावांत. अंगात खाकी कपडे, ओठावर खोट्या झुपकेदार मिशा आणि काखेत काठी, असं हवालदाराचं सोंग घेऊन तो दारोदार जाई. दूध चोरलं म्हणून मांजराला अटक करी, घोरतात म्हणून आजोबांना दंड ठोठावी. लोक पोट धरून हसत आणि सूपभर धान्य देत. त्याच धान्यावर त्याचा मुलगा हणमंत वाढला.

हणमंतने पुढे किराण्याचं दुकान काढलं. ते चांगलं चाललं, तशी त्याला बापाच्या धंद्याची लाज वाटू लागली. एकदा तो म्हणाला, "आबा, लोक तुम्हाला हसतात. आता पुरे करा, घरी बसा."

सखाहरीचे गुडघेही दुखत होतेच. त्याने सोंगाचं गाठोडं बांधून ठेवलं आणि घरी बसला.

घरात खायला-प्यायला काही कमी नव्हतं. पण त्याची खाट मागच्या पडवीत होती. सून सुंदरा ताट ठेवून निघून जाई. माजघरात गप्पा रंगत आणि तो दारात आला की थांबत. एकदा त्याने एक गंमत सांगायला घेतली, तर हणमंत दुकानाला उशीर होतो म्हणून मधेच उठला. हळूहळू सखाहरी बोलायचाच थांबला.

एके सकाळी त्याने गाठोडं सोडलं. आपल्याशी कोणीतरी चार शब्द बोलावेत, एवढीच त्याची इच्छा होती. वेश चढवून तो परसातून बाहेर पडला, गल्लीला वळसा घालून आपल्याच घराच्या पुढच्या दारात आला आणि काठी आपटून उभा राहिला.

त्याला कोणीच ओळखलं नाही. बापाचं सोंग परगावी चाले, त्यामुळे हणमंतने ते कधी पाहिलंच नव्हतं. आणि सखाहरी घरी यायचा तो नेहमी दमलेला, मुका, म्हणून सोंगातला दरडावणीचा आवाजही घरात कोणी ऐकला नव्हता.

सगळं घर ओट्यावर जमलं. शेजारीपाजारी आले. सुंदराने बसायला पाट दिला. हणमंत दुकानाची वेळ विसरला. सखाहरीला वाटलं, आता मिशा काढाव्यात. सगळे चकित होतील आणि मग आपल्याला इथेच, पुढच्या ओट्यावर, बसवून घेतील.

मिशांकडे हात नेत त्याने दरडावलं, "या घरात एक म्हातारा दडवून ठेवलाय, अशी खबर आहे. कुठाय तो?"

"दडवलाय कुठला? मागं पडलाय पडवीत," सुंदरा हसत म्हणाली. "घेऊन जा, हवालदारसाहेब. सोडवायला कोणी येणार नाही."

हणमंतही हसला.

सखाहरीचा हात खाली आला. पण सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि हसायला आलेल्या माणसांना त्याने उभ्या आयुष्यात कधी ताटकळत ठेवलं नव्हतं.

"नको बाई," तो म्हणाला. "असला माल आमच्या चौकीतसुद्धा कोणी ठेवून घेत नाही."

सगळा ओटा हसून लोळला. सुंदराने त्याला गरम भाकरी वाढली, समोर बसून आग्रह केला. हणमंत त्याला पुन्हा या म्हणाला.

सखाहरी पडवीत परतला नाही. तसाच वेशीबाहेर पडला. सुंदराने दुपारचं ताट नेहमीसारखं पडवीत ठेवलं. संध्याकाळी ते तसंच दिसलं, तेव्हा कुठे खाट रिकामी असल्याचं तिला कळलं.

पुढे एका गावच्या पाटलांनी त्याला लंगडत सोंग करताना पाहिलं. त्यांना वाईट वाटलं. ते म्हणाले, "सखाहरी, या वयात हे कशाला? आता घरी बसावं."

"बसून पाहिलं, पाटील," सखाहरी म्हणाला. "तिथं मला कोणी ओळखत नाही." आणि काठी आपटत तो पुढच्या दाराकडे वळला.

तात्पर्य: म्हातारपणीही लोकांना हसवत फिरणारा माणूस हौसेने फिरत नसतो, परक्याच्या दारात मिळतो तो मान त्याला स्वतःच्या घरात मिळत नसतो. म्हणून आपल्या माणसाला 'आता घरी बसा' म्हणण्याआधी घरात त्याला जागा करावी.