वेशीवरचं नाक

कोणे एके काळी, लहानथोरहो, डोंगरांच्या मधोमध एक छोटं राज्य होतं. इतकं छोटं, की राजाला पडसं झालं तर संध्याकाळपर्यंत सीमेवरच्या धनगरालाही ते कळायचं.

त्या राज्यात भांगेला बंदी होती. बंदी कोणी घातली आणि का घातली, हे कोणाला नीट आठवत नव्हतं. राजाच्या आजोबांनी घातली असं म्हणत. डोंगरउतारावर भांग मात्र आपोआप उगवायची, कारण तिला बंदीचं कोणी सांगितलंच नव्हतं.

राजधानीला एकच वेस होती आणि वेशीत एक काळा दगडी कट्टा होता. बाहेरून येणाऱ्याने आपलं गाठोडं त्या कट्ट्यावर ठेवायचं आणि सटवाजीने ते हुंगायचं, अशी रीत होती. सटवाजी हा राजाचा नेमलेला माणूस. पोतंभर तांदळाच्या तळाशी दडवलेली चिमूटभर भांग त्याला कळायची, आणि तांदूळ यंदाचा की गेल्या सालचा तेही कळायचं. नाक साफ राहावं म्हणून तो कांदा, लसूण, तंबाखू यांना शिवत नसे. त्याची बायको भिवरा लसणाची चटणी खायला शेजारी जायची आणि येताना तुळशीची पानं चावत यायची.

तर या नाकाचा सटवाजीला अभिमान होता. पण त्याच नाकाने त्याच्या काळजाला एक घरही पाडलं होतं.

आठ वर्षांपूर्वी एका सकाळी कट्ट्यावर आलेलं गाठोडं त्याच्या धाकट्या भावाचं, लिंबाजीचं होतं. वर जोंधळ्याची कणसं आणि खाली भांग. लिंबाजीला घरावर कौलं घालायची होती, आणि चोरट्या भांगेला भाव फार चांगला मिळायचा. सटवाजी वाकला, त्याला वास आला आणि त्याने मान वर केली. समोर लिंबाजी हसत उभा होता. वेशीत आपला दादा आहे म्हणून तो अगदी निर्धास्त होता.

"भांग," सटवाजी म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे.

एवढ्या एका शब्दावर लिंबाजी बारा वर्षांसाठी तुरुंगात गेला. त्या दिवसापासून लिंबाजीची बायको ठकू सटवाजीला पाणी विचारेनाशी झाली. दोन्ही घरांची भिंत एकच होती. सणावाराला सटवाजी तिच्या ओट्यावर जाऊन बसायचा. ती घोंगडी टाकायची, मुलांना नमस्कार करायला पाठवायची, पण पाण्याचा तांब्या काही बाहेर येत नसे. बसून बसून सटवाजी उठायचा आणि आपल्या घरी येऊन पाणी प्यायचा.

आता राजाकडे वळू. राजा मनाने चांगला होता, फक्त जरा घाईचा होता. एकदा तो तुरुंग बघायला गेला. पाहतो तर चोर दोन, मारामाऱ्या करणारे पाच, आणि बाकी सगळा तुरुंग भांगेचा.

"एवढ्यांना कोंडलं, मग भांग कमी झाली का?" त्याने तुरुंगाच्या नाईकाला विचारलं.

"नाही महाराज," नाईक म्हणाला. "आतसुद्धा मिळते."

राजा आधी हसला. मग एका म्हाताऱ्या कैद्याची पांढरी दाढी त्याला दिसली आणि त्याचं हसू मावळलं. दुसऱ्याच दिवशी गावोगाव दवंडी पिटली गेली की आजपासून भांगेची बंदी उठली. तुरुंगाची दारं उघडली. सटवाजीला मानाचं पागोटं आणि नारळ देऊन कट्ट्यावरून उठवण्यात आलं, कारण आता हुंगण्याजोगं काही उरलं नव्हतं.

त्या दिवशी भिवराने घरात पहिल्यांदा लसणाची चटणी वाटली. सटवाजीने त्या चटणीशी तीन भाकरी खाल्ल्या. त्याचे डोळे भरून आले, ते चटणी तिखट होती म्हणून, असं त्याने सांगितलं. भिवराने ते ऐकून घेतलं आणि चौथी भाकरी वाढली.

बंदी उठल्यावर राज्यात पुष्कळ बरं झालं, ते आधी सांगितलं पाहिजे. आठ-आठ, दहा-दहा वर्षांनी बापमाणसं घरी आली. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या जात्याखाली लपवलेली औषधापुरत्या भांगेची पुरचुंडी उघड्यावर काढून बसू लागल्या. चोरट्या वाटांनी माल आणणाऱ्यांचा धंदा बसला, कारण जे कोपऱ्यावर मिळतं त्यासाठी चोराला जास्तीचे कोण देणार? दुकानांवर थोडा कर बसला आणि त्यातून गावतळ्याचा गाळ निघाला.

काही गोष्टी मात्र वाकड्या गेल्या. शेतकऱ्यांनी वांगी उपटून भांग लावली आणि वांग्याला सोन्याचा भाव आला. नावाडी भरदुपारी तर्रर्र होऊन वल्ही मारू लागला. त्याच्या नावेतलं एक वऱ्हाड भलत्याच गावाला उतरलं आणि तिथल्या लग्नात जेवून आलं. त्यावर सगळा गाव हसला. गवळ्याचा तरणाताठा मुलगा दिवसदिवस पिंपळाखाली बसून राहू लागला, त्यावर मात्र गवळण हसली नाही.

लिंबाजीने वेशीतच, त्या काळ्या कट्ट्यासमोर, भांगेचं दुकान घातलं. त्याचा हात चांगला होता. बदाम, बडीशेप, खसखस, सगळं मापात. दादा समोरून गेला की तो "रामराम" म्हणायचा, आणि पुढे दोघांनाही काही सुचायचं नाही.

बघता बघता शिमगा आला. त्या राज्यात शिमग्याच्या जत्रेला पहिला लोटा राजाला द्यायची पद्धत होती. बंदीच्या काळात तो ताकाचा असे. यंदा तो भांगेचा असणार होता, आणि तो द्यायचा मान लिंबाजीला मिळाला. कालपरवापर्यंत तुरुंगात असलेला माणूस राजाच्या हातात लोटा देणार! ठकूने ठेवणीतलं लुगडं काढलं.

जत्रेला माणसं फार म्हणून लिंबाजीची घरची भांग पुरेना. त्याने पेठेतल्या एका व्यापाऱ्याकडून वाटलेल्या भांगेचे चार घडे आणले.

जत्रेच्या सकाळी सटवाजी वेशीतून चालला होता. लिंबाजी घडे घुसळत होता. वाऱ्याची एक झुळूक आली आणि सटवाजी जागच्या जागी थांबला. बदाम होते, बडीशेप होती, भांग होती. आणि तिच्याखाली उंदरासारखा कुबट, हिरवा, आणखी एक वास होता. धोतरा! भांग जास्त चढावी म्हणून व्यापाऱ्याने तिच्यात धोतऱ्याचं बी वाटून घातलं होतं.

सटवाजी धावत कोतवालाकडे गेला.

"आता हुंगायचा हुकूम नाही तुला," कोतवाल पागोटं बांधता बांधता म्हणाला. "भांगेची बंदी उठली."

"भांगेचं नाही म्हणत मी. धोतरा आहे त्यात. माणसं मरतील."

"धोतऱ्यावर बंदी होती कधी?"

खरंच नव्हती. भांग तेवढी अडवायची होती, म्हणून दुसऱ्या कशाचा विचारच आजवर कोणी केला नव्हता.

तो परत वेशीत आला. लिंबाजीने चांदीचा लोटा काठोकाठ भरून ठेवला होता. राजाची पालखी लांबून दिसत होती. शेकडो माणसं पेले घेऊन उभी होती, त्यांत पिंपळाखालचा गवळ्याचा मुलगाही होता.

एका शब्दाने आठ वर्षं गेली होती. आता पुन्हा त्याच माणसासमोर, त्याच कट्ट्यापाशी, त्याला एक शब्द बोलायचा होता. आणि न बोलावं, तर राजा तो लोटा पिणार होता आणि लिंबाजीचं मुंडकं उडणार होतं.

"लिंबा," तो हळूच म्हणाला, "हे देऊ नकोस. यात धोतरा आहे."

लिंबाजीचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "दादा, माझं बरं चाललेलं तुला बघवत नाही का रे? तेव्हा कायदा होता, मी मान्य केलं. आता कुठला कायदा आहे?"

"कायदा नाही. वास आहे."

"तुझं नाक गेलं लसणात. मी काल बोट लावून चाखलीय. बाजूला हो, महाराज आले."

ठकू दुकानाच्या मागे उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता आणि ती सटवाजीकडे अशी बघत होती, की आठ वर्षांचं सगळं त्या बघण्यात होतं.

सटवाजीने पुढे होऊन चांदीचा लोटा उचलला आणि उभ्याउभ्या घटाघटा रिकामा केला.

जत्रा थबकली. राजाच्या मानाचा लोटा! लिंबाजीने कपाळाला हात लावला. "संपलं," तो म्हणाला. "दादाने माझं वाटोळं केलं."

"दुसरा भरू नकोस," सटवाजी कट्ट्यावर बसत म्हणाला. "थोडं थांब. माझ्याकडे बघत राहा."

पालखी वाटेत देवळापाशी टेकली होती, तिला वेशीत पोहोचायला वेळ लागला. तोवर सटवाजीचं तोंड कोरडं पडलं. डोळ्यांची बुबुळं काळीभोर मोठी झाली. तो हवेतून नसलेली फुलं वेचू लागला. मग एका म्हशीला मुजरा करून तो म्हणाला, "महाराज, रीत म्हणजे रीत. गाठोडं कट्ट्यावर ठेवा." दोघंतिघं हसले. पण तो धाडकन खाली कोसळला तेव्हा हसायला कोणी उरलं नाही.

लिंबाजीने एका लाथेत चारही घडे फोडले आणि दादाचं डोकं मांडीवर घेतलं. राजा पालखीतून उतरला तो याच चिखलात.

तीन दिवस सटवाजी या जगात नव्हता. राजवैद्य उशाशी बसून होता. लिंबाजी पायाशी बसून होता आणि दादाचे तळवे चोळत होता. चौथ्या दिवशी सटवाजीने डोळे उघडले आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर हुंगून पाहिलं. काही नाही. वैद्याचा काढा नाही, शेणाने सारवलेली जमीन नाही, उशाचा धूप नाही. त्याचं नाक गेलं होतं.

त्या दिवशी राजा स्वतः आला आणि बाजेवर टेकला.

"प्रधान म्हणतात, बंदी पुन्हा घाला," राजा म्हणाला. "व्यापाऱ्याला मी धरलाय. तो म्हणतो, कोणता नियम मोडला सांगा. आणि मला सांगता येत नाही. तुझं काय म्हणणं आहे, सटवाजी? सगळ्यांत जास्त भोगलंस तू."

सटवाजीने पायाशी बसलेल्या भावाकडे पाहिलं.

"पुन्हा बंदी नको, महाराज. जास्त मी नाही भोगलं, याने भोगलं. मी चाळीस वर्षं वेशीत बसलो आणि एकच विचारलं, भांग आहे की नाही. ती चांगली की वाईट, कोणासाठी, किती, यातलं कोणीच काही विचारलं नाही. लपूनछपून यायची तेव्हाही त्यात काय काय असेल, देव जाणे. तुम्ही बंदी उठवलीत ते बरं केलंत. त्याबरोबर मलाही उठवलंत, ती घाई झाली."

राजा म्हणाला, "मग परत बस."

"कशाच्या जोरावर बसू? नाक नाही राहिलं."

राजा मान खाली घालून गेला. सटवाजी भिंतीकडे तोंड करून पडला, कारण त्याला रडू येत होतं आणि लिंबाजीला ते दिसायला नको होतं.

थोड्या वेळाने दारात बांगड्या वाजल्या. ठकू उभी होती. तिने पदर डोक्यावर सारखा केला आणि हातातला तांब्या पुढे केला.

"भाऊजी, पाणी घ्या. नवा माठ आणलाय."

सटवाजी कोपरावर उठला. त्याने तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाशी नेला. आणि तिथेच थांबला. तांब्यातून नव्या, कोऱ्या, नुकत्या भाजलेल्या मातीचा वास येत होता. आधी अगदी बारीक, मग घरभर.

"कुंभारवाड्याच्या वरच्या अंगाची माती आहे ही," तो म्हणाला आणि ढसाढसा रडला. ठकूही रडली. लिंबाजी तर आधीपासूनच रडत होता.

पंधरा दिवसांनी सटवाजी पुन्हा काळ्या कट्ट्यावर बसला. आता तो भांग अडवत नसे. त्यात आणखी काय आहे ते बघे, आणि खोटा माल ओतून देई. खोट घालणाऱ्याचं दुकान वर्षभर बंद, असा नियम झाला. मिसरूड न फुटलेल्याला भांग नाही, वल्हं किंवा कासरा धरणाऱ्याला काम संपेपर्यंत नाही, असंही ठरलं. कराच्या पैशातून वैद्याच्या शेजारी एक घर बांधलं, ज्यांना भांग सोडवत नाही त्यांच्यासाठी. गवळ्याचा मुलगा तिथे दोनदा राहिला. पहिल्यांदा उपयोग झाला नाही, दुसऱ्यांदा झाला. वांगी आजही थोडी महागच आहेत, ते काही राजाला जमलं नाही.

रोज सकाळी कट्ट्यावर पहिला घडा लिंबाजीचा येतो. सटवाजी वाकून तो हुंगतो, भाऊ आहे म्हणून जरा जास्तच वेळ. मग मान वर करतो, आणि दोघंही हसतात. भिवरा मात्र पुन्हा चटणी खायला शेजारी जाऊ लागली आहे. आता शेजारी म्हणजे ठकूकडे.

तर लहानथोरहो, बोध इतकाच: दार बंद करणं सोपं आणि सताड उघडणंही सोपं, पण उघड्या दारात मायेने जागं राहणारा माणूस बसवला, तरच घर सुखाने नांदतं.