दंडावरचा अंगठा

“ऑपरेशनला प्रमुख कोण, तात्या? सर्जन की सिस्टर?”

तात्या वैद्य ओसरीवर हिरडे निवडत बसले होते. सातपुड्याच्या पायथ्याचं ट्रस्टचं रुग्णालय त्यांनीच उभं केलेलं. आता ते थकले होते, तरी तिथं त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. तो शब्द मिळवायलाच तिथले सर्जन डॉ. शार्दूल भरदुपारी आले होते. वत्सला सिस्टरांना थिएटरमधून काढा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

झालं होतं ते असं. मागच्या आठवड्यात एका बाईच्या पोटाचं ऑपरेशन संपत आलं आणि सिस्टर म्हणाल्या, “थांबा. एक गॉझ कमी भरतोय.” डॉक्टर म्हणाले, मोजायला चुकलात. त्या पुन्हा म्हणाल्या, “थांबा.” डॉक्टरांनी टाके घातले. गॉझचं ते कापड पोटातच राहिलं. बाई तापानं फणफणली, पोट पुन्हा उघडावं लागलं, आणि ती अजून नीट शुद्धीवर नाही.

डॉक्टरांचं म्हणणं, मोजणं सिस्टरांचं काम, तेव्हा चूकही त्यांचीच. ठासून सांगायला त्यांना काय झालं होतं? हुशार माणसाच्या हातून चूक झाली की त्याला नियम फार आठवतात.

“आणि तेव्हापासून थिएटरमध्ये कुणी तोंड उघडत नाही,” शार्दूल म्हणाले. “भूल देणारे डॉक्टरसुद्धा. काही विचारलं की एकच, ‘तुम्ही सांगाल तसं.’ मुकी झालीत सगळी.”

तात्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“हात दे.”

म्हातारा आता नाडी बघणार, असं डॉक्टरांना वाटलं. तात्यांनी मात्र त्यांच्या दंडाच्या आतल्या बाजूला अंगठा रोवला आणि घट्ट दाबला.

“आता मनगटाची नाडी तूच बघ.”

शार्दूलनी दुसऱ्या हाताची बोटं टेकवली. सरकवून पुन्हा टेकवली...

“लागत नाही.”

“मनगटाला काय झालंय?”

“मनगटाला काही झालेलं नाही. तुम्ही वर दाबून धरलंय.”

 तात्यांचा अंगठा हलला नाही.

आपलंच वाक्य डॉक्टरांच्या कानांत घुमत राहिलं. सिस्टरांचं दोनदा म्हटलेलं ‘थांबा’ आठवलं, आणि टेबलापलीकडचे त्यांचे डोळे, मास्कच्या वर, डॉक्टरांकडेच लागलेले. बोटं गार पडली. मग मुंग्या आल्या.

“तात्या... सोडा.”

तात्यांनी तत्क्षणी अंगठा उचलला. तळहातात हळूहळू ऊब परतली.

शार्दूल खाली मान घालून बसले. त्यांना शरम वाटत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती लपवावीशी वाटली नाही. त्यांनी विचारलं, “सिस्टरांचं काय करू, तात्या?”

तात्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“तू एकदाच ‘सोडा’ म्हणालास,” ते म्हणाले. “मी सोडलं.”