सुगरणीचा पाळणा

नदीला अजून नाव पडायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. काठावरचं सगळं गवत पाणकोंबड्याच्या मालकीचं होतं. त्याच्याकडे एक सुगरण कामाला होती. दिवसभर ती गवताचे पाळणे विणायची, पाणकोंबडा ते रानात विकायचा आणि संध्याकाळी मजुरी म्हणून तिला एक हिरवं पातं द्यायचा.

सुगरणीची स्वतःची लेक चिमी मात्र उघड्या फांदीवर झोपायची. वारा सुटला की आईला बिलगायची.

"धनी, एका पाळण्याचं गवत एकदम द्याल का?" सुगरणीने एकदा विचारलं.

"रोज देतोच की," पाणकोंबडा म्हणाला. "विणत जा थोडं थोडं."

तिने झोपलेल्या चिमीचं माप पंखाने घेतलं आणि पाळणा विणायला घेतला. वाळलेलं पातं वळत नाही, म्हणून मिळालेलं पातं ती त्याच संध्याकाळी विणून टाकायची. आपल्या हातच्या पाळण्यांत दुसऱ्यांची पिल्लं झुलताना दिसली की ती बघत राहायची आणि मनातल्या मनात तिथे चिमीला निजवायची.

अखेर पाळणा पुरा झाला. सुगरणीने तो फांदीला टांगला, आत सावरीचा कापूस अंथरला आणि चिमीची वाट पाहत बसली.

चिमी आली. चोचीतलं काहीतरी फांदीवर ठेवून ती हौसेने पाळण्यात शिरली, तर पाय बाहेर आणि शेपटीही बाहेर. वाळलेली वीण आता सैल होईना.

"असू दे गं आई," चिमी हसून म्हणाली. "ते बघ मी काय आणलंय. आजपासून मीही धन्याकडे कामाला लागले."

फांदीवर एक हिरवं पातं होतं. ते वाळायच्या आत विणायला हवं होतं.