चौकट

एकदा एका पाठशाळेत तिशी उलटलेला एक शिष्य होता. बाकीचे गायन शिकत, नाहीतर वैद्यक. गणित शिकणारा हा एकटाच. संध्याकाळी गाणारे ओसरीवर जमत, वैद्यकवाले मुळ्या कुटता कुटता गप्पा हाणत. याला कोणी 'ये' म्हणत नसे आणि 'जा'ही म्हणत नसे. माणसाला आणखी काय टोचावे? वर्षभर त्याने हे मुकाट्याने गिळले, आणि एका सकाळी तो गुरूंपुढे उभा राहिला.

"गुरुजी, मी घरी जातो. इथे मी कोणाचाच नाही."

"जा हो," गुरू म्हणाले. "मात्र दुपारची पाने मांडून जा. गायनाचे अठरा, वैद्यकाचे पंधरा."

त्याने तेहतीस पत्रावळी मांडल्या. सगळे येऊन बसले, तरी सहा पाने रिकामीच!

"काय गणिती महाराज, पितर यायचेत वाटतं जेवायला?" कोणीतरी म्हणाले. पंगत खो खो हसली. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गुरू शांतपणे उठले. चिमटीत रांगोळी घेऊन त्यांनी सारवलेल्या जमिनीवर दोन वर्तुळे काढली, एकमेकांत थोडी शिरलेली. "दोन्ही विद्या शिकणारे किती?"

"सहा," म्हणताच शिष्याने जीभ चावली. त्या सहांना त्याने दोनदा मोजले होते! मधल्या भागात त्याने सहा लिहिले, एका बाजूला नुसत्या गायनाचे बारा, दुसऱ्या बाजूला नुसत्या वैद्यकाचे नऊ. "सत्तावीस. जमले, गुरुजी."

"कसले जमले?" गुरूंनी दोन्ही वर्तुळांभोवती मोठी चौकट ओढली. "पाठशाळेत शिष्य किती?"

शिष्याने चिमटीत रांगोळी घेतली. मग वर्तुळांच्या बाहेर, पण चौकटीच्या आत, त्याने एक हा आकडा लिहिला.

"बाबा रे," गुरू म्हणाले, "वर्तुळे विद्यांची, चौकट घराची. आपण वर्तुळे हौसेने काढतो आणि चौकट काढायची राहूनच जाते. मग वर्तुळाबाहेरचा माणूस स्वतःला घराबाहेरचा समजू लागतो. त्या कोपऱ्यात तू एकटा आहेस, हे मी नाकारत नाही. पण तो एक धरल्यावाचून आपली बेरीज पुरी होत नाही."

शिष्याने डोळे पुसले. पंगतीतून कोणी हाक मारली नाही. तरी तो एका पानावर जाऊन बसला आणि वाढप्याला म्हणाला, "इकडे वाढा."